नंदाबाईच्या दारातलं गुप्तदान

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवण्यासाठी नाही. माणसाने दिवसातून एकदा स्वतःसमोर बसावं, एवढ्यासाठीच. डायरी बियाण्याच्या कंपनीने मागच्या वर्षी दिलेली आहे. वार खोडून नवे लिहिले.

काल दसऱ्याला आमच्या हरिनाम सेवा मंडळाने ओढ्याकाठच्या कुटुंबांना किट वाटले. सप्टेंबरच्या पावसात त्या वस्तीत पाणी शिरलं, भिंती बसल्या. तेल, साखर, तूरडाळ, चहापत्ती, साबण. सगळं साहित्य वडीगोद्रीहून मी आणलं, माझ्या मोटारसायकलवर. पाठ अजून धरलेली आहे.

आज ग्रुपवर फोटो आला. एक किट, त्याला हात लावलेली सगळी मंडळी, मध्ये अध्यक्ष सुग्रीव. मी नाही. मोठा करून पाहिला. सुग्रीवच्या खांद्यामागे एक कोपर दिसतं, ते माझं. शर्टावरून ओळखलं. बायकोला, प्रेमलाला, दाखवलं. ती म्हणाली, कोपर बराबर आलंय, आता भाकर खा.

मला फोटोचं काही नाही. प्रसिद्धीचा मोह मी कधी धरला नाही. पण सेवेचा बाजार झाला याचं वाईट वाटतं.

(सुग्रीवच्या फोटोला ग्रुपवर अंगठा दिला. संबंध बिघडवायचे नाहीत.)

५ ऑक्टोबर, रविवार

निश्चय झाला. यापुढे फक्त गुप्तदान. देणारा कोण हे देवाशिवाय कुणाला कळता कामा नये. प्रेमलालाही नाही.

कुटुंब कोणतं, यावर देवळाच्या ओट्यावर बसून बराच विचार केला. नंदाबाई. नवरा जाऊन तीन वर्षं झाली. एक लेक, दैवशाला, नववीला. मागची भिंत पावसात बसली, तिथे ताडपत्री लावलीय. दीर भुजंग शेजारीच राहतो. त्याच्या शेतात ती राबते, तो दाणे देतो. तिचा भाऊ कल्याण बदनापूरला स्टेशनजवळ खानावळ चालवतो. दोन वर्षं झाली, बहिणीला स्वयंपाकाला बोलावतोय. भुजंग जाऊ देत नाही. म्हणतो, आमच्या घरची बाई लोकांच्या भाकरी थापणार न्हाई.

मागे हा वाद मंडळाकडे आला तेव्हा सुग्रीव आणि मी तिच्या अंगणात जाऊन समजूत घातली होती. गाव सोडून जाऊ नये, मंडळ पाठीशी आहे, असं सांगितलं. मी जास्त बोललो. बाईने मान खाली घालून सगळं ऐकलं. तिला पटलं.

तेव्हा तिची जबाबदारी आपल्यावर येतेच.

८ ऑक्टोबर, बुधवार

काकडा सुरू झाला. आता कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे देवळात जायचंच आहे. काकड्याहून परत येताना ओढ्याकाठाने वळायचं, दारात ठेवायचं, निघायचं. कुणाला संशय येण्याचं कारण नाही. योजना आजच अमलात आणणार होतो. जाग आली नाही. देवळातून पुंजाराम आबांचा पखवाज ऐकूनच उठलो.

उद्यापासून अलार्म.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पहिलं दान पोहोचलं. मन हलकं झालं.

काय दिलं, आठवणीसाठी लिहून ठेवतो. दोन पायल्या बाजरी. फडकं हवं होतं म्हणून प्रेमलाच्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यातून लाल साडीचा तुकडा फाडला. नुसतं धान्य देणं बरं दिसत नाही म्हणून वर नारळ. नारळाला हळदकुंकू लावलं, देवाचा आशीर्वाद म्हणून. दैवशालाला खोकला आहे असं ऐकलं होतं, म्हणून आपल्या झाडाचं एक लिंबू. तोंड बांधायला सुतळी सापडेना. देव्हाऱ्यात काळा दोरा होता, त्याने बांधलं.

उंबऱ्याच्या बरोबर मध्ये ठेवलं, म्हणजे नजरेतून सुटायला नको. मागे न पाहता आलो. मागे पाहिलं की अहंकार येतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

दोन दिवस झाले, गावात कुणी काही बोलत नाही. अपेक्षा नाहीच. पण आपल्या दारात देवाने धान्य पाठवलं तर बाई शेजारणीला तरी सांगेल की नाही. आजकाल कृतज्ञता कमी झाली आहे.

टपरीवर सहज विषय काढला. म्हणालो, फोटो न काढता करणारे लोक पण असतात या जगात. टपरीवाला राधेश्याम म्हणाला, असतील अण्णा, पण मंग त्यांचं समजणार कसं. यावर मी फक्त हसलो. त्याने का हसलात असं विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

लिहायला हात धजत नाही.

नंदाबाईच्या दारात कुणीतरी करणी केली, अशी गावभर चर्चा आहे. लाल फडकं, नारळ, कुंकू, लिंबू, काळा दोरा. आधी मलाही वाटलं, बिचारीच्या मागे कोण लागलं. मग यादी पुन्हा ऐकली.

काठीने ढकलत ढकलत तिने ते बोचकं ओढ्यात टाकलं म्हणे. भुजंगच्या बायकोने पाहिलं. माझी दोन पायल्या बाजरी. स्वतः पेरलेली, स्वतः काढलेली.

माणूस किती बिघडला आहे. दारात आलेलं चांगलं त्याला चांगलं म्हणून दिसत नाही. फार फसवल्यासारखं वाटतंय. प्रेमला म्हणाली, तोंड का उतरलं. म्हणालो, ॲसिडिटी.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

शांतपणे विचार केला. चूक नंदाबाईचीही नाही. पहिल्या बोचक्यात देवाचं काही ठळक नव्हतं. नारळ काय, लोक कशालाही वापरतात. दुसऱ्या वेळी देवाची खूण अशी असावी की शंका राहू नये.

देवळातला बुक्का घालायचा. भरपूर. बुक्का पाहिला की कोणाच्याही मनात पांडुरंगच येणार.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दुसरं दान. त्याच साडीच्या आणखी एका तुकड्यात बाजरी, नारळ, लिंबू (खोकला अजून आहे, काल ऐकला), तुळशीची एक जुनी तुटकी माळ आणि मूठभर बुक्का. बोचक्याभोवती बुक्क्याचं एक रिंगणही ओढलं. छान दिसत होतं. थांबून पाहावंसं वाटलं, पण नियम म्हणजे नियम.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

वसुबारस. गायीची पूजा राहिली बाजूला, देवळासमोर सगळं गाव जमलं. आता काळी राख टाकली म्हणतात. स्मशानातली. तोडलेली माळही निघाली, म्हणजे करणारा देवधर्म तोडणारा आहे.

भुजंग फार तापला होता. म्हणाला, माझ्या भिंतीला तिची भिंत लागून हाय, उद्या हे माझ्या घरात उडी मारंल. पोलीस बोलवा असं एकजण म्हणाला. सुग्रीव म्हणाला, गावाचं नाव पेपरात जाईल, आधी आपण पकडू, मंग बघू. मग त्याने पहारा समिती केली. काकड्यापासून उजाडेपर्यंत वस्तीवर फिरायचं. प्रमुख कोण, तर सगळ्यांनी माझं नाव घेतलं. सुग्रीव म्हणाला, अण्णासारखा निर्मळ माणूस गावात दुसरा न्हाई, त्यांच्यावर कसली विद्या चालायची न्हाई.

इतक्या वर्षांत सुग्रीवने पहिल्यांदा माझ्याबद्दल चांगलं सांगितलं, तेही चारचौघांत. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. शिट्टी आणि बॅटरी मिळाली.

नंदाबाई गर्दीच्या कडेला उभी होती. माझ्याकडे बराच वेळ पाहत होती. तिला आधार वाटला असावा.

१९ ऑक्टोबर, रविवार

पहारा चालू आहे. शिट्टी चांगली वाजते.

खरं काय ते सांगून टाकावं का, यावर काल विचार केला. सांगितलं तर गुप्तदानाचं पुण्य जातं. शिवाय आता सांगितलं तर पहारा समितीचं हसं होईल, ते गावाच्या एकीच्या दृष्टीने बरं नाही. तेव्हा दान बंद करावं हा एक मार्ग. पण बंद केलं तर नंदाबाईच्या मनात भीती कायमची बसेल, आणि तिची भीती घालवणं हे आता माझंच कर्तव्य आहे.

एक शेवटचं, स्वच्छ, कुणालाही कळेल असं दान करायचं. आणि थांबायचं.

पहाऱ्यावर मीच असल्याने पोहोचवायला अडचण नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

तिसरं दान. लक्ष्मी घरात येण्याचा दिवस, यापेक्षा शुभ दिवस कोणता. अमावस्या आहे हे लक्षात होतं, पण दिवाळीची अमावस्या वेगळी.

या वेळी नारळ नाही, लिंबू नाही, बुक्का नाही. चुका सुधारल्या. फक्त बाजरी, करंज्या (ताटातल्या वाचवून ठेवलेल्या) आणि एक चिठ्ठी. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिली. निळा पेन संपला होता, लाल होता. पांडुरंगाच्या वतीने दोनच वाक्यं लिहिली. भिऊ नका. मी सगळं पाहत आहे.

लिहिताना माझेच डोळे भरून आले.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

आज दाराला कडी लावून लिहितोय.

त्या चिठ्ठीने बायकांनी दारं लावून घेतली, ते एक झालं. पण बोचक्यात लिंबू निघालं. त्यात टाचण्या टोचलेल्या. सोबत बिब्बा. नंदाबाईने सगळ्यांसमोर फडकं उघडून दाखवलं. मी तिथेच शिट्टी गळ्यात घालून उभा होतो.

मी लिंबू ठेवलं नव्हतं. टाचण्या तर नाहीच. बिब्बा मी आयुष्यात विकत घेतला नाही.

म्हणजे माझ्या मागोमाग खरंच कुणीतरी येतं. माझ्या दानात मिसळतं. गावात खरा करणी करणारा आहे आणि तो माझा आडोसा घेतोय. असा विश्वासघात मी पाहिला नाही.

उलट लोक मलाच बोलले. राधेश्याम म्हणाला, अण्णा, प्रमुख तुम्ही, अन् तो तुमच्या नाकाखालून गेला. सुग्रीव म्हणाला, वय झालं अण्णांचं, झोप लागली आसंल. मी एक मिनिट झोपलो नव्हतो. ते सिद्ध करण्याची सोय नाही.

घरातला उरलेला काळा दोरा मनगटाला बांधला. श्रद्धा म्हणून नव्हे, दक्षता म्हणून.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

भुजंगने भगत आणला. मूळचा भोकरदनकडचा, नंदाबाईनेच नाव सुचवलं म्हणे. पांढरा शर्ट, साधा माणूस. घराभोवती फिरला, माती हुंगली, थोडा वेळ डोळे मिटून बसला. मग म्हणाला, हे बाईवर हाय, घरावर न्हाई. पौर्णिमेच्या आत बाई हितून हालली पाहिजे. न्हाई हालली तर शेजारच्या घरात घुसंल.

भुजंगने लगेच विचारलं, हालली तर कुठं हालली पाहिजे. भगत म्हणाला, जिथं रेल्वेचा आवाज कानावर येतो तिथं. लोखंडावरून असलं काही पार होत नसतं.

माझा भगतावर विश्वास नाही. आपण वारकरी माणसं. पण अभ्यास दिसला.

जवळ रेल्वे कुठे, म्हणजे बदनापूर. तिथे तिचा भाऊ आहे हे त्यातल्या त्यात बरं. आणि भुजंग, जो दोन वर्षं तिला पाय उचलू देत नव्हता, तोच म्हणाला, वहिनी, जल्दी आवरा, टेम्पोचा खर्चा माझा.

नंदाबाई पदर डोळ्याला लावून खांदे हलवत होती. एका बाईचा उंबरा माझ्यामुळे सुटणार. माझ्यामुळे म्हणजे, त्या दुसऱ्या माणसामुळे. पण सुरुवात माझी.

२५ ऑक्टोबर, शनिवार

उद्या भुजंगला सगळं सांगणार.

२६ ऑक्टोबर, रविवार

भुजंग कापसावर होता. कामाच्या माणसाला त्रास देऊ नये.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दैवशाला वाटेत भेटली. शाळेचा दाखला काढून येत होती. अर्ध्या वर्षात शाळा सुटली, पोरीचं नुकसान किती. मी थांबवून म्हणालो, बाळ, धीर धर. ती म्हणाली, काका, तिथली शाळा मामाच्या घरापासून पाच मिनटावर हाय, तिथं लॅब पण हाय. आणि गाणं गुणगुणत गेली. दुःख लपवायला लहान वयात शिकली पोर.

रात्री प्रेमलाला विचारलं, एखादं चांगलं काम उलटं फिरलं तर माणसाने काय करावं. ती लाह्या भाजत होती. म्हणाली, गप बसावं. आणि तोंडाला पदर लावून आत गेली. तिलाही नंदाबाईचं वाईट वाटतंय.

२९ ऑक्टोबर, बुधवार

सुग्रीवला सांगायला गेलो. अध्यक्ष आहे, त्याला आधी सांगणं रीतीला धरून आहे. म्हणालो, समज, बोचकी ठेवणारा माणूस वाईट नसला तर. सुग्रीव म्हणाला, अण्णा, तो सापडला तर त्याला मी मोसंबीच्या झाडाला बांधतो, मंग वाईट हाय का चांगला ते इचारतो.

मोसंबीचं झाड एवढं उंच नसतं. पण मी विषय बदलला.

३० ऑक्टोबर, गुरुवार

शेवटी सांगितलं. पुंजाराम आबांना. काकड्यानंतर ते पखवाजाला कणीक लावत बसले होते. शेजारी बसलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगून टाकलं. बुक्का, चिठ्ठी, सगळं. त्यांना ऐकू कमी येतं हे मला माहीत आहे. पण सांगितलं ते सांगितलं. माझ्याकडून लपवाछपवी राहिली नाही.

आबा म्हणाले, व्हय, थंडी पडली औंदा.

१ नोव्हेंबर, शनिवार

नंदाबाईने भांडी बांधली, असं कळलं. मंगळवारी निघणार. झोप नाही.

पुण्य म्हणजे नेमकं काय, यावर आज बागेत पाणी देताना विचार केला. जे पुण्य सांभाळण्यासाठी एक बाई घर सोडते, ते मला मिळालं तरी मी ते ठेवणार कुठे. असं वाटलं आणि बराच वेळ बांधावर बसून राहिलो. पाणी पलीकडच्या शेतात गेलं.

उद्या कार्तिकी एकादशी. उपास धरून तिच्या दारी जायचं आणि तिलाच सांगायचं. पुण्य गेलं तर गेलं. बाई रडेल, पाया पडेल. पडू द्यायचं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार. कार्तिकी एकादशी

गेलो होतो.

सकाळी नऊची वेळ. नंदाबाई अंगणात गोधड्या बांधत होती. मला म्हणाली, या अण्णा, बसा. भगर करू का. मी म्हणालो, नको, आधी ऐक. मग एका दमात सांगितलं. तिन्ही बोचकी माझी, करणी कुणी केली नाही, देवाच्या नावाने दान होतं, तुला घर सोडायचं काही कारण नाही, मी गावासमोर उभा राहतो आणि जाहीर करतो.

तिने गोधडीची गाठ पूर्ण बांधली. मग म्हणाली, मला माहीत हाय अण्णा.

मी विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, पहिल्या बोचक्याला भ्याले खरी. ते वढ्यात टाकलं. दुसऱ्याला फडक्याचा काठ पाह्यला. त्या साडीत प्रेमलाक्का माझ्या लग्नाला आल्त्या. मंग फडकं घेऊन अक्काकडं गेले, म्हणलं, अण्णाला काय झालं. अक्का हसून हसून खाली बसल्या.

ती बोलत राहिली. तिसऱ्या बोचक्यातलं लिंबू तिचं. टाचण्या प्रेमलाने दिल्या. मंडळाच्या पावत्यांना लावायला मी आणल्या होत्या त्या. बिब्बाही आमच्याच घरचा. भगत कल्याणच्या खानावळीत जेवतो. काय बोलायचं ते त्याला कल्याणने शिकवलं, रेल्वेचं मात्र त्याने स्वतःच्या मनाने घातलं. म्हणाली, ते लय बेस घातलं.

मी म्हणालो, एवढं सगळं कशासाठी. जायचं होतं तर सांगायचं. मंडळ होतं ना पाठीशी.

ती म्हणाली, पाठीशीच ऱ्हायलं अण्णा. समोर कुणी आलं न्हाई. तुम्ही अन् सुग्रीव भाऊ याच अंगणात बसले, गाव सोडू नको म्हणले, चहा पेऊन गेले. मला काय पाह्यजे ते इचारलं का कुणी. माझा भाऊ कामाला बोलवतोय, लेकरू तिथं शिकंल, एवढंच तर व्हतं. पण माझ्या दिराला माझं ऐकू येत न्हाई, भावाचं ऐकू येत न्हाई. करणीचं ऐकू आलं.

मी विचारलं, मग त्या दिवशी खांदे हलवून रडत होतीस ते. ती म्हणाली, रडत नव्हते, तुमची शिट्टी बघून हसू आवरत नव्हतं.

उठताना एवढंच विचारलं की धान्य तरी उपयोगी आलं का. ती म्हणाली, आलं की. पहिलं सोडून सगळं खाल्लं. करंज्या पण. बाजरीत खडे लय व्हते. पुढं कुणाला दिली तर निवडून देत जा.

मग ती हसायची थांबली. म्हणाली, अण्णा, हात जोडते, हे आता कुणाला सांगू नका. भुजंग भाऊजीला कळलं तर चार दिवसांत बदनापूरला येऊन वापस नेतील. कधीच सांगू नका.

शब्द दिला. माझ्याकडे दुसरं काही मागण्यासारखं तिला दिसलं नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

विश्वास कुणावर ठेवावा.

जिच्यासाठी पहाटे थंडीत चाललो, तिने माझ्या दानाचा वापर केला. घरचं माणूस फितूर. प्रेमलाला म्हणालो, नवरा आतून जळत होता, तू रोज बघत होतीस, एका शब्दाने बोलली नाहीस. ती म्हणाली, बोलले असते तर तुम्ही लगेच जाऊन सगळं कबूल केलं असतं, तुमचा काय भरवसा. ओ, तिचं जमत आलंय तर तुम्ही मधी पाय घालू नका.

मी म्हणालो, मी मदतच करत होतो. ती म्हणाली, केली की. सगळ्यात जास्ती तुमचीच मदत झाली. पण तुम्हाला कळू दिली असती तर झाली नसती.

उपास काल होता, आजही जेवलो नाही. तिने ताट झाकून ठेवलं, आग्रह केला नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

टेम्पो आला. सगळं गाव निरोपाला. भुजंगने स्वतः कपाट उचलून चढवलं, त्याला एवढी घाई मी कधी पाहिली नाही. सुग्रीवने छोटं भाषण केलं की गाव तुझ्या पाठीशी आहे. नंदाबाईने मान खाली घालून ऐकलं. मागच्या वेळी अशीच मान घातली होती. तेव्हा मला ती पटल्याची खूण वाटली होती.

दैवशाला पुढच्या सीटवर खिडकीशी बसली होती. कल्याणने आणलेला पेरू खात होती.

टेम्पो वळणाला गेल्यावर सुग्रीव माझ्याजवळ येऊन म्हणाला, अण्णा, राग मानू नका, पण पहारा नीट झाला असता तर एक घर गावातून उठलं नसतं. आजूबाजूचे चार जण ऐकत होते. त्यांच्यात भुजंगही होता. तोंडापर्यंत सगळं आलं होतं. त्यात माझं नाव होतं, बाजरी होती, साडेतीन आठवड्यांची झोप होती.

म्हणालो, डोळा लागला असंल.

सुग्रीवने शिट्टी परत घेतली.

५ नोव्हेंबर, बुधवार. पौर्णिमा

काकडा संपला. काल्याला गेलो, मागे बसलो. कुणी पुढे बोलावलं नाही. लोक माझ्यासमोर आवाज खाली आणतात. आबा तेवढे म्हणाले, थंडी पडली औंदा.

घरी आलो तर प्रेमलाने बाजरीची कोठी उघडून सूप पुढे ठेवलेलं. म्हणाली, दळायला टाकायचीय, बसा.

दुपारपर्यंत बसलो. खडे खरंच लय निघाले.